दिवसाला पंधरा सेकंद

रविवार, दुपार

प्रिय टिल्लू,

एवढं लिहून मी पेन खाली ठेवलं आणि बराच वेळ खिडकीशी जाऊन उभी राहिले. सहा फूट उंचीच्या, कानांवरचे केस पिकलेल्या, स्वतःची गाडी आणि स्वतःची हत्यारांची पेटी असलेल्या माणसाला टिल्लू म्हणावं का, हा एक प्रश्न. आणि तसं म्हणायचा हक्क माझ्याकडे अजून उरलाय का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर सोपं आहे: तुझं दुसरं कुठलंही नाव माझ्या हाताला लिहिता येत नाही. दुसऱ्याचं उत्तर तू पत्र वाचून झाल्यावर दे. फोन करता आला असता, पण फोनवर आपण दोघं काय बोलतो ते तुलाही ठाऊक आहे. 'कशी आहेस?' 'बरी आहे. तू?' 'चाललंय.' आणि मग दोघांनाही एकाच वेळी काहीतरी महत्त्वाचं काम आठवतं.

तीन आठवड्यांपूर्वी मंगळवारी तू आमच्या प्रयोगशाळेत येऊन गेलास, त्याचे आभार मानायचे आहेत. तुला वाटेल, ताईला झालंय काय, अडीच तासांचं काम, आणि आभार मॅडमनी मानले की तेव्हाच. मॅडमनी मानले ते कामाचे. मी मानतेय ते वेगळ्याच गोष्टीचे, आणि ती गोष्ट आपल्या हातून घडली हे तुला माहीतच नाही. तू चहासुद्धा न घेता गेलास. मी आतून हात पुसत बाहेर आले तोवर तुझी गाडी कोपऱ्यावरून वळली होती. मॅडम म्हणाल्या, "तुमचा भाऊ कामाला चोख आहे, पण बोलायला फार कंजूष हो." मी म्हटलं, "घरचं वळण आहे." हे खरं होतं का? पूर्ण नाही. तू कंजूष कधीच नव्हतास. तुझं तोंड मी बंद केलं. पण ते पुढे येईलच.

आधी आमचं काम थोडं सांगते, कारण तू त्या दिवशी राऊटर पाहिलास, बाटल्या नाही पाहिल्यास. ठिकठिकाणच्या पिण्याच्या पाण्याचे नमुने आमच्याकडे येतात. गाडीवाले काका सकाळी फिरून ते गोळा करतात आणि प्रत्येक बाटलीवर ती कधी भरली ते आपल्या हाताने लिहितात. मी बाटल्या उतरवून घेते, झाकणं तपासते, नंबर देते आणि इनक्युबेटरमध्ये ठेवते. ते एक उबदार कपाट आहे; पाण्यात जंतू असले तर चोवीस तासांत तिथे वाढून डोळ्यांना दिसतात. नियम एकच आणि कडक: भरल्यापासून सहा तासांच्या आत बाटली कपाटात गेली पाहिजे. उशीर झाला तर ते पाणी चांगलं की वाईट, हे सांगायचा आम्हाला अधिकार उरत नाही. कपाटाचं दार कधी उघडलं ते कपाट स्वतःच टिपून ठेवतं. त्याच्यावर वेळ दाखवणारी पाटी वगैरे काही नाही. दर शनिवारी आठवड्याचा कागद छापून निघतो, तेव्हा कळतं. आणि त्या कागदावरची वेळ हीच वेळ. माणसाने काहीही म्हणावं.

माणूस म्हणजे अर्थात मी. माझं डायरीचं वेड तुला माहीत आहे. कॉलेजात असताना तू मला चिडवायचास, की ताईला शिंक आली तरी आधी किती वाजले ते बघून मग शिंकते. ते वेड कमी झालेलं नाही. कामावरही माझी एक वेगळी वही असते, कुणाच्या हिशेबात नसलेली, फक्त माझी. 'बाटल्या उतरवल्या १०.१५. एकीचं झाकण सैल. कपाटात १२.४०.' भिंतीवरच्या घड्याळात बघून तिथल्या तिथे लिहायचं, मागाहून आठवून नाही.

साडेचार महिन्यांपूर्वी आमचा जुना राऊटर बसला. तुला तो आठवणार नाही, तू पाहिला नव्हतास. चांगला मोठा होता, पंखा असलेला, दिवसभर कपाटावर बसून घोरायचा. मॅडम म्हणाल्या, "आपल्याला काय करायचाय एवढा हत्ती? सहा माणसं आपण. छोट्या ऑफिसचा एखादा बघा." आमच्याकडे असं आहे, की ज्याने एकदा वायर काढून परत लावली आणि दिवा हिरवा झाला, तो कायमचा तज्ज्ञ. ती वायर पाच वर्षांपूर्वी मी लावली होती. तेव्हा मीच बघायला गेले. आणि टिल्लू, मी कसं काम केलं असेल ते तू ओळखशील. डायरीत दोन रकाने आखले. डावीकडे जुना काय काय करायचा, उजवीकडे नवा काय करतो. दुकानात उभं राहून खोक्यावरची यादी ओळ न ओळ वाचली. ज्या गोष्टी नव्यात नव्हत्या त्यांच्यापुढे फुली मारून, त्यांच्याशिवाय आपलं अडेल का, हे मॅडमना विचारून घेतलं. एका ओळीत होतं, 'वेळ जुळवणे: होय.' मी बरोबरची खूण केली. त्या एका शब्दाने माझी काय गत केली ते आता सांगते.

पहिल्या शनिवारच्या कागदावर माझ्या वहीतल्या आणि कपाटाच्या वेळेत मिनिटा-दीड मिनिटाचा फरक होता. तो मी पाहिलासुद्धा नाही. आज मागे जाऊन मोजला म्हणून सांगतेय. महिना झाला तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांत भरला. माझ्या वहीत दार उघडलं बारा चाळीसला, कागदावर बारा सत्तेचाळीस. मला वाटलं, झाकणं तपासत बसले असेन. दोन महिन्यांनी पाव तास. तिसऱ्या महिन्यानंतर वीस मिनिटांच्या वर. मी घड्याळात बघून बारा चाळीस लिहिते आणि कपाट म्हणतं तू एकला दार उघडलंस. मग मधली वीस मिनिटं मी कुठे होते? हातात बाटल्यांचा ट्रे घेऊन वीस मिनिटं कुणी कुठे जातं का?

तुला आता कळलं असेल मला काय आठवलं. आई. मोरीपाशी नळ सोडून उभी राहिलेली आई. आपण हाक मारली की चपापून म्हणायची, "अगं आत्ताच तर सोडला," आणि बादली भरून वाहून मोरीत ओघळ गेलेले असायचे. तिचीही सुरुवात अशीच, मिनिटा-मिनिटांनी झाली होती. तेव्हा ती साठीचीसुद्धा नव्हती. मी अठ्ठेचाळीसची आहे. मी गणित करायला लागले. दर शनिवारी कागद हातात आला की मी आधी फरक काढायचे, आणि तो आकडा कधी कमी व्हायचाच नाही. आजार असाच असतो ना, एकाच दिशेने जाणारा.

तू म्हणशील, एकदा दार उघडून, घड्याळात बघून, मॅडमना बोलावून, तिथल्या तिथे कागद छापून का नाही पाहिलास? दोन मिनिटांचं काम होतं. मी हा प्रश्न स्वतःला रोज विचारते. भीती वाटली, हे उत्तर खरं आहे पण अर्धं. उरलेलं अर्धं असं, की यंत्र चुकत असेल असं मनात आणायलाच मला लाज वाटत होती. आपल्या चुका यंत्रावर ढकलणारी माणसं मी खूप पाहिली आहेत, आणि मी त्यांच्यातली नाही, असं मला स्वतःबद्दल वाटतं. बघ, प्रामाणिकपणाचासुद्धा गर्व असतो माणसाला. आणि शिवाय खोक्यावर लिहिलेलं होतं की वेळ जुळते. मी स्वतः खूण केली होती.

म्हणून मी जे केलं ते लिहायला मला जड जातंय. मी वही दुरुस्त करायला घेतली. दर शनिवारी कागद समोर ठेवायचा, माझी वेळ खोडायची, वर कपाटाची वेळ लिहायची. पंचवीस वर्षांत मी डायरीतला एक शब्द मागाहून बदलला नव्हता. आणि आता स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं खोडत होते, कारण डोळ्यांवर विश्वास उरला नव्हता. फक्त खोडायची पद्धत तेवढी सुटली नाही. आपल्या विज्ञानाच्या बाई आठवतात? प्रयोगवहीत चुकलं तर खोडरबर नाही, गिरवून काळं करायचं नाही. एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. तू गिरवून ठेवायचास आणि मार खायचास.

मग पाच आठवड्यांपूर्वी एका वस्तीच्या विहिरीचा नमुना आला. बाटली भरली सकाळी सात दहाला. माझ्या वहीत कपाटात ठेवली बारा पंचावन्नला, म्हणजे नियमात बसत होती. कागदावर एक वाजून बावीस मिनिटं. सहा तास बारा मिनिटं. अहवाल रद्द. त्या वस्तीला आणखी तीन दिवस पाणी उकळून प्यावं लागलं, आमचं उत्तर आलं नाही म्हणून. मॅडमनी गाडीवाल्या काकांना बोलावलं. त्यांना वाटलं, काका उशिरा पोचले. काका लालबुंद झाले. माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, मी दहाच्या आत बाटल्या तुमच्या हातात दिल्या. त्यापुढे तुम्ही त्यांना गोष्टी सांगत बसलात की गाणी म्हणत बसलात, ते तुम्ही आणि बाटल्या बघून घ्या." इतर कुठल्या दिवशी मी हसले असते. त्या दिवशी म्हटलं, "काका बरोबर बोलताहेत. उशीर माझ्याकडून झाला." मॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या. बावीस वर्षांत त्यांनी माझ्या तोंडून उशीर हा शब्द ऐकला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी त्यांना चिठ्ठी लिहून दिली, की मला नोंदणीच्या कामावरून काढा, बाटल्या धुवायला ठेवा, किंवा ठेवूच नका. कारण लिहिलं नाही. त्यांनी चिठ्ठी टेबलाच्या खणात टाकली आणि म्हणाल्या, "महिनाअखेर बघू." त्याच संध्याकाळी मी एका डॉक्टरांची वेळ घेतली. कुठल्या डॉक्टरांची, ते तुला सांगायला नको. आईच्याच.

आणि तेवढ्यात तू आलास. मी बोलावलं नव्हतं. मॅडमना बाहेरून येणाऱ्या लोकांसाठी वायफाय वेगळं करून हवं होतं, आणि माझा भाऊ हीच कामं करतो असं मी कधीतरी बोलून गेले होते. त्यांनी परस्पर तुला फोन केला. तू दारात दिसलास तेव्हा मी ट्रे घट्ट धरून ठेवला. तू म्हणालास, "हं, ताई." मी म्हटलं, "ये. तिकडे आहे." आईला जाऊन चार वर्षं झाली, त्यानंतर समोरासमोर बोललेले हे आपले पहिले शब्द असावेत. पुढे अर्धा तास तू लॅपटॉपमध्ये आणि मी बाटल्यांत. मग तू एकदम हसलास, तुझं ते नाकातून येणारं हसू, आणि मान वर न करता म्हणालास, "अगं, हे तुमचं कपाट दर तासाला राऊटरला विचारतंय, किती वाजले, किती वाजले. आणि हा ठोंब्या गप्प बसलाय."

मी विचारलं, बिघडलाय का. तू म्हणालास, "बिघडला कसला, याची कुवतच तेवढी. छोट्या ऑफिसचा आहे. स्वतःपुरती वेळ बाहेरून, इंटरनेटवरून विचारून घेतो. दुसऱ्याला सांगायची सोयच याच्यात दिलेली नाही. जुना सांगत असेल, म्हणून कपाट अजून त्याच्याच पत्त्यावर विचारतंय." मी खोक्याचं सांगितलं, वेळ जुळवणे, होय. तू म्हणालास, "हो, जुळवतो की. स्वतःची." मला त्या क्षणी हसावं की खाली बसावं कळेना. एका शब्दाचे दोन अर्थ होतात हे मला कळायला नको? मी भाषेची पदवीधर! मग तू सहज विचारलंस, "तरीच. कपाट आता स्वतःच्या मनाने चालत असेल. तुमच्या वेळा चुकत नाहीत का गं?"

मी वही आणून तुझ्यापुढे ठेवली. का ठेवली? आजवर ती वही मी कुणाला दाखवली नव्हती. तू पानं उलटत गेलास, खोडलेल्या वेळा आणि वरच्या वेळा, खोडलेल्या आणि वरच्या. मग ते राऊटरचं रिकामं खोकं पालथं घातलंस आणि त्याच्या पाठीवर वजाबाक्या करायला लागलास. मी तुझ्या खांद्यावरून बघत होते. पहिल्या महिन्यात साडेसात मिनिटं. दुसऱ्यात आणखी साडेसात. तिसऱ्यात तेवढीच. तू भागाकार केलास आणि खाली रेघ मारलीस: दिवसाला पंधरा सेकंद. म्हणालास, "हे बघ, कपाट रोज पंधरा सेकंद पुढे पळतंय. कुठल्या दिवशी सोळा नाही की चौदा नाही." माझ्या तोंडून निघून गेलं, "मला वाटलं मीच विसरतेय." तू परत नाकातून हसलास. "माणूस इतक्या शिस्तीत विसरत नाही, ताई. तूसुद्धा नाही."

तू ते चेष्टेत म्हणालास आणि लगेच पुढच्या कामाला लागलास. लेबलं छापणाऱ्या कॉम्प्युटरला बाहेरची वेळ घ्यायला लावलंस, कपाटाला त्याचा पत्ता दिलास, आणि मॅडमना समजावलंस की आता कपाट याला विचारेल आणि हा उत्तर देईल. मी हात धुऊन येते म्हणून आत गेले. नळ मोठा सोडला आणि रडले, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. मग नळ बंद केला. दोनदा तपासला. बाहेर आले तेव्हा तू गेला होतास.

मॅडमनी जुने कागद काढून तुझ्या हिशेबाने सगळ्या वेळा पुन्हा मांडल्या. विहिरीचा नमुना नियमातच होता. वस्तीला तसं कळवलं, आमची चूक म्हणून लिहूनही दिलं. गाडीवाल्या काकांची मी माफी मागायला गेले तर ते म्हणाले, "अहो बाई, माफी काय मागता, मला तर वाटलं होतं तुम्ही खरंच बाटल्यांशी बोलता." माझी चिठ्ठी मॅडमनी खणातून काढून मला परत दिली, न उघडल्यासारखी घडी घालून. टिल्लू, पंधरा सेकंदांच्या त्या हिशेबाने तू मला माझं काम परत दिलंस. तेवढंच असतं तरी मी हे पत्र लिहिलं असतं. तुझं खोकं मी फेकलेलं नाही, ते माझ्या घरच्या कपाटात आहे.

पण मला ओळखतोस ना. घरी आल्यावर डोक्यात आलं, की यंत्र चुकलं हे सिद्ध झालं म्हणून मी बरोबर आहे हे कुठे सिद्ध होतं? घेतलेली वेळ मी मोडली नाही. गेल्या गुरुवारी डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी मला ओळखलं, आईची मुलगी म्हणून. शब्द सांगून ते परत विचारले, आकडे उलटे म्हणायला लावले, एक घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा म्हणाले. मला हसूच फुटलं. त्यांना वाटलं घाबरून हसतेय. सगळं झाल्यावर म्हणाले, आज तरी काळजीचं काही नाही. आज तरी, हे शब्द त्यांनी जपून वापरले आणि मला ते आवडले. आईचं लवकर सुरू झालं होतं म्हणून दर वर्षी एकदा येऊन जा, म्हणाले.

परत येताना मी तुझाच विचार करत होते. नऊ वर्षांपूर्वी जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांच्या देखत, तू आईला म्हणालास, "आई, तू विसरायला लागली आहेस. आपण डॉक्टरकडे जाऊ." मी तुला स्वयंपाकघरात नेऊन जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं, आणि डायरीतही आहे. तुला काळीज नाही, म्हणाले. या घरात पाऊल ठेवायचं तर तिच्याशी नीट बोलायला शिकून ये, म्हणाले. तू खरंच शिकून आल्यासारखा आलास. पुढची पाच वर्षं यायचास, तिच्यापाशी बसायचास आणि माझ्याशी न बोलता जायचास. मला वाटायचं मी तिला सांभाळतेय. त्याआधीचं दीड वर्ष मी काय करत होते ते ऐक. ती बुधवारला सोमवार म्हणाली की मी मान डोलवायचे. नळ गुपचूप बंद करायचे. तिने चुकीच्या जागी ठेवलेल्या वस्तू ती बघायच्या आत जागेवर नेऊन ठेवायचे. तिला वाईट वाटू नये म्हणून. आणि आता ते चार महिने काढल्यावर मला कळलं, की आतून माणसाला दिसत असतं. सगळं दिसत असतं, आणि आजूबाजूचं कुणीच काही बोलत नाही, तेव्हा ते किती एकटं असतं.

खरं सांगायचं तर हे मला आत्ता कळलं असंही नाही. आईने सांगितलं होतं. त्या जेवणानंतर ती दोन दिवस बोलली नाही, हे तुला माहीत आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिचे केस विंचरत होते तेव्हा ती म्हणाली, "टिल्लूनं सांगितलं ते बरं केलं. मला वाटत होतं मी एकटीच बघतेय. त्याला सांग, मला राग नाही." त्याला सांग. मी सांगितलं नाही. आधी तुझ्यावरच्या रागाने, मग इतके दिवस का नाही सांगितलं याच्या लाजेने, आणि ती गेल्यावर तर कुठल्या तोंडाने सांगणार. एवढी नोंदी ठेवणारी मी, पण हे वाक्य डायरीतसुद्धा लिहिलं नाही, कुणी वाचेल म्हणून. नऊ वर्षं तुझा निरोप माझ्याकडे पडून होता. तो आज देतेय. याची माफी मी मागत नाही. एवढ्या मोठ्या गोष्टीला माफी हा शब्द पुरेल असं मला वाटत नाही. फक्त तिचे शब्द जसेच्या तसे लिहिले आहेत, एकही इकडचा तिकडे न करता.

आता हे पत्र आजच का, ते. डॉक्टरांनी एक फॉर्म दिला आहे, तो पाकिटात घातला आहे. दर वर्षी जाताना न्यायचा आणि माझ्या जवळच्या माणसाने भरायचा. सोळा प्रश्न आहेत: नावं आठवतात का, वस्तू जागेवर ठेवते का, गोष्ट सांगताना धागा सुटतो का. डॉक्टरांनी विचारलं, कुणाचं नाव लिहू? मी या घरात एकटी राहते, मॅडम माझ्याबद्दल वाईट लिहिणार नाहीत आणि गाडीवाले काका फक्त वाईटच लिहितील. मी तुझं नाव सांगितलं. न विचारता. नको असेल तर फॉर्म कोराच परत पाठव, मी समजून घेईन. पण भरणार असशील तर दोन गोष्टी. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. ते काम कसं करतात ते मला पुरेपूर माहीत आहे. आणि वरची सूचना नीट वाच. प्रत्येक प्रश्नात विचारलंय, दहा वर्षांपूर्वीच्या मानाने आज ही व्यक्ती कशी आहे. दहा वर्षांपूर्वीची मी तुला पाठ आहे, तुझ्याइतकी कुणालाच नाही. आजची मी मात्र तुला ठाऊक नाही. तेव्हा फॉर्म भरायचा तर तुला इथे येऊन थोडं बसावं लागेल, बोलावं लागेल, बघावं लागेल. येत्या रविवारी ये. तुझ्या बायकोलाही आण. चहा न घेता जाऊ देणार नाही.

तुझीच,
ताई